काजूखालचा पातेरा पेटवण्याआधी

काजूच्या मोसमाची चाहूल लागली की गोव्यात डिचोली-सत्तरीपासून केपे-काणकोणपर्यंत डोंगरउतारांवर धूर दिसू लागतो. बिया नीट वेचता याव्यात म्हणून झाडाखालचा पातेरा, म्हणजे गळलेली वाळकी पाने, ओढून ढीग करायचा आणि त्याला काडी लावायची, ही जुनीच रीत. झाडून घेणे योग्यच आहे, नडते ती काडी. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यासह आपल्या डोंगरांवर आगी लागल्या आणि हेलिकॉप्टरने पाणी ओतावे लागले, हे अजून कोणी विसरलेले नाही. त्या साऱ्या आगी बागायतदाराच्या माथी मारायच्या नाहीत, पण वाळल्या गवतात वारा शिरला की ढिगाची आग ढिगापुरती राहत नाही.

शिवाय जाते ते आपलेच. पाने जळली की त्यांतला नत्र हवेत उडतो, आणि राखेतले पालाश पहिल्या जोरदार पावसात ओहोळाला लागते. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या जांभ्या उतारावर सेंद्रिय अंश आधीच टिकत नाही.

म्हणून काजूत पातेरा बुंध्याखालून ओढावा आणि उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकार बांध घालून त्यामागे भरावा. वर थोडी माती, चार दगड आणि जमल्यास शेणकाला टाकावा. पाने उडत नाहीत, लवकर पेट घेत नाहीत आणि जूनमध्ये पाण्याबरोबर वाहणारी माती तिथेच अडते. भाटाच्या, म्हणजे बागेच्या, हद्दीवर मात्र 3 मीटर रुंद पट्टा गवत-पानांपासून साफ ठेवा. शेजाऱ्यालाही त्याच्या बाजूने तो करायला सांगा.

कुळागरात, म्हणजे पाटाच्या पाण्यावरच्या माड-पोफळीच्या बागेत, काम सोपे आहे. माड-पोफळीच्या आळ्यात वीतभर जाडीचा पाला पसरला की पाटाच्या पाण्याच्या पाळ्यांमधले अंतर वाढवता येते. बुंध्यापासून हातभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर ओल आणि वाळवी थेट खोडाला भिडते. नारळाची सोडणे (काथ्याची साले) चुलीत घालण्यापेक्षा माडांच्या ओळींमध्ये चर खणून, पोकळ बाजू वर ठेवून थरावर थर पुरावीत. पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि 5 ते 7 वर्षे कामी येतात.

पण सगळेच आळ्यात घालायचे नाही. कोळेरोगाने गळलेल्या सुपाऱ्या, मर लागलेल्या मिरीच्या वेली, खोडकिड्याने पोखरलेले काजूचे लाकूड वेगळे काढा. एवढ्यापुरती आग लावावी लागली तर मोकळ्या जागी, सकाळी वारा पडलेला असताना, पाण्याची बादली जवळ ठेवूनच.

उरलेल्या पानांचे खत करा. साग-काजूची पाने जाड, एकटी लवकर कुजत नाहीत. ती कोयत्याने तोडून त्यांत गिरिपुष्पाचा ओला पाला आणि शेण मिसळावे, ढीग सावलीत ओलसर ठेवावा आणि महिन्याने उलटावा. झावळ्यांसाठी कासरगोडच्या केंद्रीय लागवड पिके संशोधन संस्थेची गांडूळखताची पद्धत चांगली आहे: 10 भाग झावळ्यांना 1 भाग शेण, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार.

एक धोका मात्र माडवाल्यांनी ध्यानात ठेवावा. माडाचा कोंब पोखरणारा गेंड्या भुंगा अंडी घालतो ती अशाच कुजत्या ढिगांत. खत उलटताना जाडजूड, वाकडी, पांढरी अळी दिसली तर वेचून मारा आणि ढिगात या अळीला मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा. ढीग करून वर्षानुवर्षे हात न लावणे म्हणजे भुंग्याला पोसणे.

रस्त्याकडेचा झाडलेला पाला फुकट मिळतो म्हणून आणण्याचा मोह होतो. घ्यायचाच तर आधी पसरून पाहा: त्यात प्लास्टिक, काचा आणि गाजरगवताचे बी हमखास निघते.