ट्रेलरमधली लाईट मधूनच जाते? पार्ट बदलत सुटण्याआधी या चुका टाळा

ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर) एखादी वस्तू कायमची बंद पडली ना, की मला उलट बरं वाटतं. जी मेलीये ती सापडते. डोकं खातात त्या मधूनच बंद पडणाऱ्या वस्तू, रात्री बंद, सकाळी चालू, मेकॅनिकसमोर तर शहाण्या बाळासारख्या चालू, आणि गाडी परत रस्त्याला लागली की पहिल्याच मुक्कामाला पुन्हा तेच.

माझा फर्नेसचा (ट्रेलर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या हीटरचा) किस्सा आधी सांगतो म्हणजे पुढचं कळेल. रात्री तीनच्या सुमाराला थंडीनं जाग यायची, फर्नेसचा पंखा फिरतोय पण आत जाळ पेटत नाही, थोडा वेळ फिरून गप्प. सकाळी ट्रेलर बाहेरच्या लाईटला, म्हणजे मुक्कामाच्या जागी खांबावर मिळणाऱ्या लाईटला, जोडला की फर्नेस पहिल्या फटक्यात पेटायचा. मी काय केलं, आधी थर्मोस्टॅट बदलला. मग कंट्रोल बोर्ड बदललं, ते काही स्वस्त नसतं. दोन्ही वेळा दोन-तीन दिवस बरं चाललं त्यामुळे मला वाटलं जमलं. शेवटी दोष निघाला कुठे, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर ट्रेलरच्या चेसिसला (खालच्या लोखंडी सांगाड्याला) ज्या बोल्टनं जोडलेली असते तिथे. बोल्ट वरून घट्ट होता, पण खाली गंजाचा थर. फर्नेसमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं!

झालं असं होतं की फर्नेसमध्ये वाऱ्यावर चालणारा एक छोटा स्विच असतो, सेल स्विच म्हणतात त्याला. पंख्याचा वारा जोरात आला की त्याची पातळ पत्री ढकलली जाते आणि मग बोर्डला कळतं की हवा नीट वाहतेय, आता गॅस सोडायला हरकत नाही. व्होल्टेज कमी पडलं की पंखा फिरतो पण मंद, पत्री पुरती ढकलली जात नाही आणि बोर्ड सुरक्षिततेसाठी गॅसच सोडत नाही. दिवसा बाहेरची लाईट जोडली की कनव्हर्टर (बाहेरच्या लाईटचं १२ व्होल्ट करणारं यंत्र) सरळ १३.६ व्होल्टच्या आसपास देतो, बॅटरीचा आणि तिच्या गंजलेल्या बोल्टचा रस्ता मधे येतच नाही, म्हणून सगळं ठणठणीत.

तर पहिली चूक हीच, जी वस्तू बंद पडली तिच्यावरच संशय घेणं. मधूनच येणारा बिघाड बहुतेक वेळा वस्तूत नसतो, तिच्यापर्यंत पोचणाऱ्या करंटच्या रस्त्यात असतो, म्हणजे जोड, बोल्ट, फ्यूजचा खाचा, प्लग. आणि ते साहजिकच आहे, घर जागेवर उभं असतं, ट्रेलर मात्र खड्ड्यांतून तासन्‌तास हादरे खात जातो, वर पाऊस, खाली चाकांनी उडवलेलं पाणी. नवीन पार्ट टाकल्यावर दोन दिवस बरं का चालतं माहितेय का, कारण पार्ट बदलताना आपण वायरी हलवतो, प्लग काढून परत बसवतो, तेवढ्यात तो लूज जोड तात्पुरता बसतो. पार्टनं काहीच केलेलं नसतं.

दुसरी चूक म्हणजे ट्रेलरमध्ये दोन वेगवेगळ्या लाईटी आहेत हे विसरणं. एक १२ व्होल्ट डीसी, बॅटरीची. दिवे, पाण्याचा पंप, फर्नेस, गॅस डिटेक्टर हे सगळं त्यावर. दुसरी बाहेरून येणारी एसी, उत्तर अमेरिकेत १२० व्होल्ट, युरोपात आणि इतर बऱ्याच देशांत २३०. एअर कंडिशनर, मायक्रोवेव्ह, भिंतीतले सॉकेट त्यावर. मधे कनव्हर्टर बसलेला, तो एसीचं डीसी करतो. आता गंमत अशी की जे एसीवर किंवा गॅसवर चालतं असं आपल्याला वाटतं त्याचा मेंदू बऱ्याचदा १२ व्होल्टवर असतो. गॅसवर चालणारा फ्रीज घ्या, गॅस भरपूर, बर्नर स्वच्छ, तरी बोर्डला १२ व्होल्ट नीट मिळालं नाही तर तो लाल दिवा लावून बसतो. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर चालणाऱ्या एअर कंडिशनरचंही तेच, थंड हवा १२० व्होल्टची पण हुकूम १२ चा.

म्हणून काही उघडण्याआधी एकच बघा, बंद पडताना सोबत आणखी काय काय पडतं. फ्रीज गेला तेव्हा दिवे मंद झाले होते का, पंप चालू केल्यावर दिवे लुकलुकतात का. एकच वस्तू गेली तर तिची शाखा, तिचा फ्यूज. तीन-चार एकदम गेल्या तर त्यांचा जिथे एकत्र जोड आहे तिथे बघा, वस्तूंना हात लावायची गरजच नाही.

आता तिसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. मल्टिमीटर लावून १२.५ व्होल्ट दिसलं की "लाईट तर येतेय" म्हणून पुढे जाणं. मीटर स्वतः जवळपास काहीच करंट घेत नाही, त्यामुळे वायरची एक तार जरी शिल्लक असली किंवा गंजातून जेमतेम वाट असली तरी तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो. खरं रूप कळतं वस्तू चालू असताना. पंप किंवा फर्नेस चालू करा आणि त्याच्या टर्मिनलवर बघा, १२.५ चं ११ वर किंवा खाली आलं तर मधे कुठेतरी खाल्लं जातंय (किंवा बॅटरीच उतरलीय, ते बॅटरीच्या टर्मिनलवर त्याच वेळी मोजून लगेच कळतं).

कुठे खाल्लं जातंय ते शोधायची पद्धत पण सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवर, दुसरं टोक वस्तूच्या निगेटिव्ह वायरवर, वस्तू चालू. लांब वायर लागेल, एखादी जुनी दहा मीटरची वायर ठेवून द्या या कामासाठी. दोन्ही निगेटिव्हच म्हणजे मीटरवर जवळपास शून्य यायला पाहिजे, दोन-तीन दशांश ठीक. एक व्होल्ट आला तर दोष निगेटिव्हच्या रस्त्यात आहे, मग दुसरं टोक एकेक जोड मागे आणत जा, ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम बदलतो तोच चोर. पॉझिटिव्हच्या बाजूलाही हेच करायचं. मी हे आधी केलं असतं तर बोर्डचे पैसे वाचले असते, असो.

गंजलेला जोड सापडला की नुसता आवळू नका. खोला, पत्रा चमकेपर्यंत घासा, वायरच्या टोकाचं थिंबल हिरवं पडलं असेल तर कापून नवीन दाबून बसवा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस नाहीतर रंग. वायर पिळून टेप गुंडाळणं हे ट्रेलरमध्ये करूच नका, एका लांबच्या प्रवासात ते परत सुटतं आणि मग टेपच्या आत असल्यामुळे दिसतही नाही.

बॅटरीचं थोडक्यात. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी काही तास विश्रांतीनंतर १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.१ च्या आसपास आली तर अर्धी झालीये समजा. लिथियमवाल्यांनी हे आकडे लावू नयेत, ती शेवटपर्यंत १३ च्या आसपास दाखवते आणि मग आतलं संरक्षण सर्किट एकदम सगळं तोडतं, ट्रेलर क्षणात अंधारात. थंडीत शून्य अंशाखाली तेच सर्किट चार्जिंग पण घेत नाही, लोक कनव्हर्टर बदलून मोकळे होतात.

फ्यूज नुसता डोळ्यानं बघणं ही पुढची. पात्याच्या फ्यूजमध्ये कधीकधी केसाएवढी चीर असते, ती गरम झाली की सुटते, गार झाली की जुळते, आणि डोळ्याला फ्यूज चांगलाच दिसतो. त्याच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, फ्यूज न काढता वस्तू चालू ठेवून त्या दोन्हीवर व्होल्टेज मोजा, दोन्हीकडे सारखं यायला पाहिजे. खाचा सैल असेल तर फ्यूज आजूबाजूला काळपट पडतो, ती खूण ओळखा. आणि फ्यूज सारखा उडतोय म्हणून १५ च्या जागी ३० चा टाकू नका हो, मग फ्यूजच्या ऐवजी भिंतीतली वायर जळेल आणि ट्रेलरची भिंत लाकूड, फोम आणि प्लास्टिकचीच असते.

दोन जागा बहुतेकांना माहीतच नसतात. एक, कनव्हर्टरच्या पॅनलवर इतरांपासून वेगळे बसवलेले दोन-तीन मोठे फ्यूज, ते बॅटरी उलटी जोडली तर उडण्यासाठीच ठेवलेले असतात. हिवाळ्यात बॅटरी काढून ठेवली आणि वसंतात लावताना एक क्षण जरी वायरी उलट्या लागल्या तरी ते उडतात, मग बाहेरची लाईट जोडली की सगळं चालतं पण बॅटरी कधीच चार्ज होत नाही, आणि आपण "बॅटरी खराब आहे" म्हणून नवी आणतो. दुसरी जागा, बॅटरीजवळ चेसिसवर लावलेला छोटा पत्र्याचा ब्रेकर. हा आपोआप पडतो आणि गार झाला की आपोआप परत लागतो, कुणाला काही न सांगता. उघड्यावर असतो, गंजतो, मग कमी करंटलाही पडायला लागतो. दर काही मिनिटांनी सगळं १२ व्होल्ट जाऊन परत येत असेल तर मी आधी यालाच बघतो.

एसीच्या बाजूला येताना आधी एक गोष्ट. ट्रेलरच्या बाहेरच्या पत्र्याला किंवा दाराच्या मुठीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तपास वगैरे नंतर, आधी सगळ्यांना लांब करा, पत्र्याला परत हात न लावता खांबावरचा ब्रेकर पाडा आणि मग प्लग काढा. अर्थिंग तुटलंय आणि कुठूनतरी करंट पत्र्यावर येतोय याचा तो अर्थ, ओल्या जमिनीवर उभं राहून हे जिवावर बेतू शकतं. आणि पॅनल उघडायचं तर प्लग काढूनच, त्यात कामाची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, यात कमीपणा काही नाही.

उत्तर अमेरिकेतलं ३० अ‍ॅम्पिअरचं कनेक्शन म्हणजे १२० गुणिले ३०, एकूण ३,६०० वॉट. एअर कंडिशनर १३ एक अ‍ॅम्पिअर घेतो, पाणी तापवायचं एलिमेंट १,४४० वॉटचं असेल तर १२, वर मायक्रोवेव्ह लावला की गेलं ३० च्या पलीकडे. मग ब्रेकर "कधीकधी" पडतो, म्हणजे तिघं जेव्हा एकत्र चालू असतात तेव्हाच, यात बिघाड काहीच नाही. २३० व्होल्टच्या देशांत आकडे वेगळे, बेरीज तशीच करायची.

पण दुपारीच एअर कंडिशनर गुरगुरून बंद पडतो आणि रात्री छान चालतो असं असेल तर व्होल्टेज मोजा. दुपारी आजूबाजूचे सगळेच एअर कंडिशनर लावतात, खांबावरचं व्होल्टेज खाली येतं, त्यात आपण बारीक तारेची लांब एक्स्टेंशन लावलेली. १२० च्या लाईनवर १०८ च्या खाली आलं तर एअर कंडिशनर बंद करा, कॉम्प्रेसर जळतो त्यानं. अर्धा तास एअर कंडिशनर चालल्यावर तो बंद करून ट्रेलरच्या प्लगला बाहेरून हात लावून बघा, कोमट ठीक, चटका बसला तर आतली पिन सैल किंवा काळी पडलीय. असा प्लग घासून वापरत राहू नये, बदलायचाच.

जीएफसीआयवाला (करंट जमिनीकडे गळला की आपोआप तोडणारा) सॉकेट पावसानंतरच पडत असेल तर बाहेरच्या भिंतीवरचा सॉकेट उघडून ओल बघा, बहुतेक ट्रेलरमध्ये तो त्याच साखळीवर असतो. ट्रेलर जीएफसीआय सॉकेटला लावल्या लावल्या तो पडत असेल तर आतले सगळे ब्रेकर पाडून एकेक लावत जा, पाण्याच्या एलिमेंटचं आवरण तडकलेलं असणं हे नेहमीचं कारण (टाकी रिकामी असताना एलिमेंट चालू केलं होतं का आठवा जरा). सगळे ब्रेकर पाडूनही पडत असेल तर गोंधळू नका, ब्रेकर फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, तेव्हा कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकतोय.

स्लाइडआउट (मुक्कामाला बाहेर सरकवून जागा वाढवायचा खोलीचा भाग) असेल तर एक वेगळाच प्रकार होतो. स्लाइड बाहेर असताना चालतं, आत घेतली की बंद, किंवा उलटं. खाली वायरींचा जो जुडगा स्लाइडबरोबर वाकत-सरळ होत असतो त्यात एखादी तार आतून तुटलेली किंवा कडेला घासून सोललेली असते. वस्तू चालू ठेवून तो जुडगा हलवा, कळेलच.

आणि सगळाच दोष लाईटचा नसतो हेही लक्षात असू द्या. सिलिंडरची चावी झटक्यात उघडली तर आतली सुरक्षा झडप गॅस अडवते, शेगडीची बारीक ज्योत लागते पण फर्नेसला पुरत नाही. चावी बंद करून थोडं थांबून हळूहळू उघडा. बर्नरच्या नळीत कोळ्याची जाळी, फ्रीजच्या बर्नरवर धुराड्यातून पडलेला गंज, ट्रेलर सपाट उभा नसणं, यांनीही फ्रीज मधूनच रुसतो. गॅसचा वास आला तर मात्र मीटर-बिटर बाजूला ठेवा, कुठलाही स्विच दाबू नका, सगळे बाहेर आणि सिलिंडर बंद.

एवढं करूनही बिघाड हाताला लागत नसेल तर त्याला पकडायला सापळा लावायचा. ज्या मीटरला कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा लक्षात ठेवायची सोय असते तो रात्रभर लावून झोपा, सकाळी दिसेल व्होल्टेज किती खाली गेलं होतं. सोबत वहीत चार गोष्टी लिहा, किती वाजता, बाहेर थंडी की पाऊस, बॅटरीवर की बाहेरच्या लाईटवर, आणि तेव्हा आणखी काय चालू होतं. माझ्या वहीत सहा नोंदी झाल्या आणि सहाही वेळा "बॅटरीवर" लिहिलेलं होतं, तेव्हा कुठे मी फर्नेस सोडून बॅटरीकडे वळलो. मेकॅनिककडे द्यायचं तर ही वही पण द्या, कारण नुसतं "कधीकधी बंद पडतं" सांगितलं तर तो बाहेरच्या लाईटला जोडून चालू करून बघणार, ते मस्त चालणार आणि तो तपासणीचे पैसे घेऊन ट्रेलर तसाच परत देणार.