मेंदूचे कार्य दाखवणारे स्कॅन: केव्हा करावेत आणि अहवाल कसा वाचावा

घरातील एखाद्या व्यक्तीचे वागणे बदलले किंवा विस्मरण वाढले की ‘एकदा स्कॅन करून निदान पक्के करू’ असा विचार नातेवाइकांच्या मनात येतोच. मात्र स्कॅनची वेळ ठरवण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न अवश्य विचारावा: स्कॅनमध्ये दोष दिसला तर उपचारांत काय बदलेल, आणि दिसला नाही तर काय? दोन्हींचे उत्तर ‘काहीच नाही’ असे असेल, तर माझ्या मते तो स्कॅन करू नये.

साधा सीटी किंवा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव किंवा झीज त्यातूनच कळत असल्याने बहुधा तो आधी केला जातो. पेट व स्पेक्ट (दोन्हींत थोडे किरणोत्सारी द्रव्य टोचून चित्र घेतात) आणि फंक्शनल एमआरआय हे मात्र मेंदूचे कार्य दाखवणारे स्कॅन आहेत; त्यांतून मेंदूतील साखरेचा वापर, रक्तपुरवठा किंवा एखाद्या रसायनाशी निगडित पेशींची स्थिती यांचा अंदाज घेतात.

स्मृतिभ्रंशाचा प्रकार ओळखताना एफडीजी पेटची, म्हणजे साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेल्या पेट स्कॅनची, खरी मदत होते. अल्झायमरमध्ये मेंदूच्या मागील बाजूच्या पार्श्विक व शंख खंडांत साखरेचा वापर घटलेला दिसतो, तर वागणुकीत बदल घडवणाऱ्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात ही घट मुख्यतः पुढच्या भागात असते. हातांचा कंप पार्किन्सनचा आहे की औषधांमुळे आला आहे, अशी शंका असल्यास डॅट स्कॅन (डोपामाइन या रसायनाशी निगडित पेशींची स्थिती दाखवणारा स्पेक्ट) उपयोगी पडतो. केवळ औषधांमुळे आलेल्या कंपात तो सहसा सामान्य येतो. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात शस्त्रक्रियेपूर्वी झटक्यांचे उगमस्थान शोधण्यासाठी पेट आणि स्पेक्ट वापरतात, तर भाषेची केंद्रे कोठे आहेत हे पाहण्यासाठी फंक्शनल एमआरआय करतात.

नैराश्य, स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता) यांची गोष्ट वेगळी आहे. संशोधनात रुग्णांच्या आणि निरोगी व्यक्तींच्या गटांत सरासरी फरक आढळतात, पण दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की समोरच्या एका माणसाविषयी त्यावरून निर्णय देता येत नाही. समजा, एखादी चाचणी ८० टक्के रुग्णांना आणि ८० टक्के निरोगी व्यक्तींना अचूक ओळखते आणि १,००० जणांपैकी ५० जणांना तो आजार आहे. मग ४० रुग्ण सापडतील, पण त्यांच्यासोबत १९० निरोगी लोकांवरही आजाराचा शिक्का बसेल. म्हणूनच या विकारांचे निदान आजही सविस्तर मुलाखत, पूर्वेतिहास आणि आवश्यक रक्ततपासण्या यांवरच केले जाते, आणि केवळ रंगीत चित्र दाखवून असे निदान विकणाऱ्यांपासून सावध राहावे.

एफडीजी पेट ठरला असेल, तर निदान चार तास पाण्याखेरीज काही घेऊ नये; मधुमेह असल्यास इन्सुलिन आणि गोळ्यांच्या वेळा आधीच विचारून घ्याव्यात, कारण रक्तातील साखर वाढलेली असली की चित्र धूसर येते. इंजेक्शननंतर सुमारे अर्धा तास मंद प्रकाशाच्या शांत खोलीत पडून राहावे लागते. या वेळेत मोबाइल पाहणे, वाचणे किंवा शेजारच्या माणसाशी बोलणे टाळावे, कारण जो भाग काम करतो तो अधिक साखर ओढतो आणि तेच नंतर चित्रात उमटते. यात वापरलेल्या फ्लोरिन-१८ची किरणोत्सारी क्षमता सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते, त्यामुळे ठरलेली वेळ चुकवू नये. चालू औषधांची संपूर्ण यादी सोबत न्यावी. उदाहरणार्थ, ब्युप्रोपियॉन आणि मिथाइलफेनिडेट यांमुळे डॅट स्कॅनचा अर्थ बदलू शकतो. मात्र कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये. गर्भधारणेची शक्यता किंवा स्तनपान चालू असल्यास आधीच सांगावे.

अहवाल हाती आल्यावर रंगांकडे पाहून घाबरू नये. लाल किंवा निळा रंग संगणकातील मर्यादा कोठे ठेवली यावर ठरतो. ती बदलली की तेच आकडे निराळे दिसतात. २००९ साली काही संशोधकांनी मेलेल्या सामन माशाचा फंक्शनल एमआरआय केला आणि हजारो ठिकाणांची एकाच वेळी तपासणी करताना योगायोगाने येणारे चुकीचे निष्कर्ष गाळणारी संख्याशास्त्रीय दुरुस्ती न केल्यास त्याच्याही मेंदूत ‘सक्रियता’ दिसते हे दाखवून दिले. म्हणून तुलना त्याच वयाच्या निरोगी व्यक्तींशी केली आहे का, नेमक्या कोणत्या भागात घट आहे आणि स्कॅनपूर्वी गुंगीचे औषध दिले होते का, हे अहवालात शोधावे. ‘वैद्यकीय लक्षणांशी पडताळून पाहावे’ हे शेवटचे वाक्य औपचारिक समजून सोडू नये. त्यासाठीच अहवाल घेऊन स्कॅन लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडे परत जायचे असते. दुसरे मत घ्यायचे झाल्यास छापील चित्रे पुरत नाहीत, तेव्हा मूळ प्रतिमांची सीडीही मागून घ्यावी.