तिबेटी ‘त्स’ कसा लिहावा, कसा वाचावा

आधी मोठ्यानं ‘चाक’ म्हणा, मग ‘चक्र’. आपण दोन्हीकडे एकच च लिहितो, पण ‘चाक’ म्हणताना जीभ दातांच्या मुळाशी टेकते आणि ‘चक्र’ म्हणताना टाळूकडे सरकते. तिबेटी लिपीत या दोन उच्चारांना दोन अक्षरं आहेत. चाकातल्या च चं अक्षर म्हणजे त्स. ३० मूळाक्षरांत ते १७वं, पाचव्या ओळीतलं पहिलं. उच्चार मराठी माणसाच्या तोंडात आधीच बसलेला आहे, शिकायचं आहे ते फक्त लिहिणं.

आधी दुसऱ्या ओळीतला साधा च गिरवा. देवनागरीसारखीच वर आडवी रेघ डावीकडून उजवीकडे ओढायची आणि अक्षर तिच्याखाली लटकवायचं. च नीट जमला की रेघेच्या उजव्या टोकाला एक छोटा आकडा काढा. झाला त्स! हाच आकडा छ ला दिला की महाप्राण त्स्ह होतो, ज ला दिला की द्झ, म्हणजे ‘जाड’ मधला ज. एका खुणेत तीन नवी अक्षरं, ही युक्ती मला फार सुंदर वाटते.

वाचनाचा सराव त्सोंगखापा (१३५७–१४१९) या तिबेटी बौद्ध धर्मातल्या गेलुग परंपरेच्या आचार्यांच्या नावानं करा. त्स वर ओकाराची खूण, पुढे ङ, मग ठिपका. शब्द संपला म्हणून नव्हे, तर शब्दाच्या प्रत्येक अवयवानंतर, म्हणजे त्सोंग, खा, पा अशा उच्चाराच्या प्रत्येक तुकड्यानंतर, हा ठिपका येतो.

यानंतर मात्र सावध राहा. ब्रह्मपुत्रेच्या तिबेटमधल्या ‘त्सांगपो’ या नावात त्स च्या आधी ग लिहिलेला असतो, आणि भाजलेल्या सातूच्या पिठाच्या, ‘त्साम्पा’च्या त्स वर र बसतो. ल्हासाच्या बोलीत दोन्ही मूक. वाचू नका, पण लिहायला विसरू नका. लडाखच्या सहलीत भेटणारा पँगाँग ‘त्सो’ मात्र या अक्षरानं लिहीत नाहीत. सरोवराच्या त्या शब्दात महाप्राण त्स्ह असतो, आधी मूक म. भूतानच्या ‘द्झोंगखा’ भाषेच्या नावात द्झ, वर र.

संगणकावर वायली, म्हणजे तिबेटी अक्षरं रोमन लिपीत लिहिण्याच्या, पद्धतीचा कळफलक घेतलात तर रोमन टी आणि एस लागोपाठ दाबले की त्स उमटतो.

शेवटी संस्कृत. तिबेटी ग्रंथांत संस्कृत शब्द अक्षरशः उतरवताना च साठी साधा च नव्हे, त्स वापरतात, आणि ज साठी द्झ. म्हणजे तिथल्या ‘चक्र’ला आपल्या चाकाचा च! वज्रही द्झ नं लिहितात. एखाद्या तिबेटी मठात मंत्र ऐकताना ‘बेंझा’ असा शब्द कानावर पडला, तर तो वज्रच आहे.