ड्रॅगन फ्रूट: पावसाळ्यात कळीपासून काढणीपर्यंत

ड्रॅगन फ्रूट निवडुंगाच्या कुळातले, म्हणजे पाणी नको आणि ऊन कितीही चालेल, असे धरून बाग लावणारे पुष्कळ आहेत. हा निवडुंग वाळवंटातला नाही. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलांत तो झाडांवर, खडकांवर चढतो, हवेत मुळे सोडून आधार धरतो आणि पानांतून झिरपलेल्या उन्हात वाढतो. बुंध्याशी पालापाचोळ्याची भुसभुशीत माती असते. १९व्या शतकात फ्रेंचांनी तो व्हिएतनाममध्ये नेला आणि पुढे आशियात त्याच्या मोठ्या बागा झाल्या. सवयी मात्र जंगलातल्याच राहिल्या.

त्याची बहुतेक मुळे वरच्या वीतभर मातीतच असतात. वेलाला आधार दिलेल्या खांबाजवळ पाणी तुंबले की आधी तीच कुजतात. आळ्यात पाणी साठत असेल तर आताच चर काढा आणि बुंध्याला मातीची भर देऊन तो उंच करा. मुळे इतकी वर असल्याने खुरपे खोल घालू नका, तण हाताने उपटलेले बरे. उलट, कळ्या लागल्यावर पावसाने मोठी उघडीप दिली तर थोडे थोडे पाणी द्यावेच लागते, नाहीतर कळ्या गळतात.

पावसाळ्यातले खरे दुखणे म्हणजे खोडावरचा कँकर. निओसायटॅलिडियम नावाच्या बुरशीमुळे तो होतो. आधी फांदीवर फिकट, किंचित खोलगट ठिपके दिसतात, मग ते नारिंगी-तपकिरी होऊन खडबडीत खपल्या धरतात आणि शेवटी फांदी कुजते. ही बुरशी पावसाच्या शिंतोड्यांतून पसरते, तशीच आपल्या कात्रीवरूनही. म्हणून रोगट फांदी कोरड्या दिवशी कापा, प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसा आणि कापलेले तुकडे बागेबाहेर नेऊन नष्ट करा. ते खांबाखालीच टाकायचे असतील तर कापण्याचे कष्ट वाया. आत दाटी करणारे कोवळे फुटवे काढले की हवा खेळते. बोर्डो मिश्रण किंवा दुसरे ताम्रयुक्त बुरशीनाशक रोग येण्याआधी उपयोगी पडते. फांदी सडल्यावर ते मारून काही हाती लागत नाही. उमललेल्या फुलांवर कसलीच फवारणी नको.

फूल संध्याकाळनंतर उमलते आणि सकाळी ऊन चढले की मिटते. मूळ प्रदेशात वटवाघळे आणि मोठे निशाचर पतंग परागीभवन करतात. पांढऱ्या गराच्या बहुतेक जाती स्वतःच्याच परागावर फळतात. लाल गराच्या कित्येक जातींना मात्र दुसऱ्या जातीचा पराग लागतो. फुले भरपूर येऊन फळ धरत नसेल तर खताला दोष देण्याआधी हे तपासा. रात्री किंवा पहाटे मऊ ब्रशने दुसऱ्या जातीचा पराग स्त्रीकेसरावर लावला की फरक दिसतो. फळ धरल्यावर कोमेजलेल्या पाकळ्या हलक्या हाताने काढा, कारण त्यांत पाणी साचून फळाचे टोक सडते. ही फुले खाण्याजोगीही असतात. दक्षिण चीनमध्ये ती सुकवून सूपमध्ये घालतात.

लाल सालीच्या जातींची फळे फुलोऱ्यानंतर साधारण महिन्याभरात तयार होतात. पिवळ्या सालीच्या जातीला बराच जास्त वेळ लागतो. घाई इथेच नडते. तोडलेले फळ घरात पिकत नाही, त्यात पुढे गोडी भरत नाही. पूर्ण रंग भरू द्या, पण फार थांबू नका, जोराच्या पावसात पिकलेली फळे तडकतात. फळ ओढू किंवा पिळू नका, देठाचा छोटा तुकडा ठेवून कात्रीने कापा.

विकताना वाढवून सांगू नका. गरात बहुतांश पाणी असते, सोबत तंतू, मॅग्नेशियम आणि थोडे क जीवनसत्त्व. डेंग्यूवरचा इलाज म्हणून ते खपवणे चूक, तसे काही सिद्ध झालेले नाही. लाल गर खाल्ल्यावर लघवी तांबूस होऊ शकते. ते बीटासायनिन या रंगद्रव्यामुळे होते आणि निरुपद्रवी असते. नव्या गिऱ्हाइकाला आधीच सांगा, नाहीतर बिचारा घाबरून दवाखाना गाठेल.

फळ थंड करून, वर लिंबू पिळून खाल्ले तर सौम्य चव खुलते. मधला गर कडेपेक्षा गोड असतो. उकळल्यावर लाल रंग फिका पडतो, तेव्हा सरबत, आइस्क्रीम, स्मूदी यांत गर कच्चाच वापरावा. ताजी तडकलेली, बुरशी न लागलेली फळे त्याच दिवशी सोलून गर गोठवून ठेवा.