गिटारची साइड वाकवताना तडा जाऊ नये म्हणून

गिटारची साइड, म्हणजे खोक्याची कडेची शिसवीची पट्टी, कमरेच्या (मधल्या अरुंद भागाच्या) वळणावरच तडकते. उपाय स्वस्त आहे: ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा.

आधी पट्टी सगळीकडे सारखी, साधारण 2 मिमी जाडीची होईपर्यंत तासा. ज्यावर पट्टी वाकवायची तो धातूचा पाइप पाण्याचा थेंब नाचत उडेल इतका तापवा. पट्टीवर पाणी फवारा, पाइपच्या उलट बाजूला पत्रा लावा आणि दोन्ही एकत्र धरून कमरेपासून वळवायला सुरुवात करा. ताण बाहेरच्या बाजूला येतो. तिथले लाकडाचे तंतू पत्रा दाबून धरतो, चिरफळ्या निघत नाहीत. जोर लावू नका. लाकूड सैल झालेलं हाताला बरोबर कळतं, तेवढा वेळ थांबाच. नाशिकच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पाणी चटकन उडतं, म्हणून फवारणी चालू ठेवा. नंतर रात्रभर साच्यात आवळा.

साधा लोखंडी पत्रा मात्र नको, ओल्या लाकडावर काळे डाग पडतात.