बाईला प्रोस्टेट कुठनं आलं? पीव्हीत येऊ बघणाऱ्या आपल्या बेळगावकडच्या पोरांसाठी

रिझल्ट लागले की कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, कधी निपाणीचा कधी खानापूरचा, "दादा बीफार्म झालं, पीव्हीत घुसायचंय, काय वाचू?" दरवेळी तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पीव्ही म्हणजे फार्माकोव्हिजिलन्स, औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवायचं काम; केस म्हणजे एका पेशंटच्या दुष्परिणामाचा रिपोर्ट; सिरीयस म्हणजे जीवावर बेतलेली किंवा अॅडमिट करायला लागलेली वगैरे. एवढं तुम्हाला येतंय असं धरतो, नसेल येत तर आधी ते नीट बघून या.

शेवटच्या वर्षाला मी संध्याकाळी बेळगावच्या शहापुरातल्या एका मेडिकलवर उभा राहायचो. मालकांना सगळे मामा म्हणायचे. डीफार्म झालेला माणूस, एका गिऱ्हाइकाशी मराठी, दुसऱ्याशी कन्नड, तिसऱ्याशी हिंदी, आणि हात तोवर बरोबर खणात गेलेला. मी स्ट्रिप काढून दिली की उलटी करून परत माझ्यासमोर ठेवायचे. "नाव वाचू नको रे, कंटेंट वाच." दिवसातनं वीस वेळा. मला वाटायचं म्हाताऱ्याला सवय लागलीय, सोडा.

मग पुण्यात नोकरी लागली, केस प्रोसेसिंग. तिसऱ्या महिन्यात इटलीची एक केस आली. बाई, वय चौतीस, अंगावर फोड आलेले, हॉस्पिटलमध्ये अॅडमिट. संशयित औषध आमच्या क्लायंटचं अँटिबायोटिक आणि सोबत चालू असलेल्या औषधांत एकच नाव, फ्लोमॅक्स. आता फ्लोमॅक्स म्हणजे टॅम्सुलोसिन, पुरुषांचं प्रोस्टेट वाढल्यावर देतात ते, हे मला तोंडपाठ, अमेरिकन नोट्स घोटून आलेलो की. टाकलं टॅम्सुलोसिन, नॅरेटिव्हमध्ये, म्हणजे केसची हकिकत लिहितात त्यात, चारदा लिहिलं, पुढे ढकललं आणि चहाला गेलो.

परत आलो तर रिव्ह्यू करणाऱ्या मॅडमचा मेसेज. "बाईला प्रोस्टेट कुठनं आलं?"

आणि मी काय करावं, वाद घातला! म्हटलं मॅडम किडनी स्टोनला बायकांना पण देतात की. खोटं नव्हतं ते, देतातच, पण केसमध्ये स्टोनचा एक शब्द नव्हता, मी माझी चूक झाकायला कारण शोधत होतो. त्यांनी फक्त विचारलं, देश कुठला? इटलीत फ्लोमॅक्स या नावाखाली मॉर्निफ्लुमेट असतं, ते दुखण्या-सुजेचं औषध, एनसेड जातीतलं, टॅम्सुलोसिनशी काही संबंध नाही.

इथं थांबून नीट वाचा, कारण नवी पोरं इथंच मरतात. ही नुसती स्पेलिंगची चूक नाही. अंगावर फोड यायला एनसेड स्वतः कारण असू शकतं. म्हणजे त्या बाईच्या केसमधला दुसरा संशयित मीच पुसून टाकला आणि सगळा दोष अँटिबायोटिकवर ढकलला. वाचणारा डॉक्टर ते टॅम्सुलोसिन बघून पुढे गेला असता. सिरीयस, लेबलवर नसलेली रिअॅक्शन, पंधरा दिवसांत सरकारी औषध खात्याकडे रिपोर्ट जायला पाहिजे, आणि त्या दिवशी नववा दिवस होता. वेळेत सुधारलं, पण रात्री जेवण गेलं नाही. आणि मामांची ती उलटी केलेली स्ट्रिप डोळ्यासमोर.

हे काही माझ्यापुरतं नाही. 2006 साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध खात्याने, लोकांना जाहीर सावध केलं होतं की परदेशात तेच नाव सांगून औषध घेऊ नका. डिलाकॉर अमेरिकेत बीपीचं डिल्टियाझेम, सर्बियात हृदयाचं डिगॉक्सिन. नॉरप्रामिन अमेरिकेत डिप्रेशनचं डेसिप्रामिन, स्पेनमध्ये अॅसिडिटीचं ओमेप्राझोल. युरेक्स अमेरिकेत लघवीच्या इन्फेक्शनचं मेथेनामिन आणि ऑस्ट्रेलियात फ्युरोसेमाइड, म्हणजे लघवी जास्त करवणारं. आपल्याकडे गल्लीत "अण्णा" म्हणून हाक मारली की पाचजण वळतात तसलं आहे हे, कुठल्या गल्लीतला अण्णा ते आधी विचारा. हूड्रग डिक्शनरीत, म्हणजे पीव्हीत औषधांची नावं शोधतात त्या यादीत, देशाचा रकाना असतो तो शोभेला नाही. आधी देश, मग ब्रँड, मग कंटेंट, आणि शेवटी हे औषध या पेशंटला कशाला दिलं असेल हा प्रश्न. कारण जुळत नसेल तर तिथंच थांबायचं, माझ्यासारखं कारण जुळवायचं नाही.

उलटं पण होतं, औषध एक आणि नावं दहा. बेळगाव, बेळगावी, बेलगाम, बस एकाच स्टँडवर येते. सालब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल, ग्लिबेनक्लामाइड तिकडं ग्लायब्युराइड, पेथिडिन म्हणजेच मेपेरिडिन. हे एका रविवारात पाठ होतं, घाबरू नका.

मेटामिझोल, ताप-दुखण्याचं औषध, मात्र नीट वाचा, इंटरव्ह्यूला मी स्वतः विचारतो. हेच डायपायरोन, हेच अॅनाल्जिन. अमेरिकेने 1977 मध्ये काढून टाकलं कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम पडतात, अॅग्रॅन्युलोसायटोसिस. जर्मनीत चिठ्ठीवर मिळतं, ब्राझीलमध्ये लोक ताप-डोकेदुखीला बिनचिठ्ठीचं घेतात, आणि आपल्याकडे जून 2013 मध्ये बंद करून 2014 मध्ये अटी घालून परत सुरू केलं. एकच रेणू, चार देश, चार निर्णय. यावर पोरं लगेच म्हणतात "सर अमेरिकेत बॅन म्हणजे वाईट औषध." नाही रे बाबा. चक्कर येते म्हणून आपल्याकडे रोज खपणारं बीटाहिस्टीन तिथं मान्यताप्राप्त नाही, उलट्यांचं डॉम्पेरिडोन पण नाही, मायग्रेनचं फ्लुनारिझिन पण नाही. मान्यता नाही, मान्यता काढून घेतली आणि बंदी घातली या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, तिन्हीला "बॅन" म्हणणारा कँडिडेट मी पुढे पाठवत नाही. खडूस म्हणा.

आणि आपलं स्वतःचं औषध विचारलं तर गप्प बसू नका. ऑर्मेलोक्सिफेन, लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेचं, हॉर्मोन नसलेली गर्भनिरोधक गोळी, 1991 पासून बाजारात. पहिले तीन महिने आठवड्यातनं दोनदा, नंतर एकदा. सरकारी दवाखान्यात "छाया" नावानं फुकट मिळते, खानापूरच्या आशाताईला माहीत असते आणि बीफार्मवाल्याला नसते, काय बोलायचं.

पीव्हीच्या कोर्सचं विचारता ना? चाळीस-पन्नास हजार घेऊन सर्टिफिकेट देतात, मी पण भरले होते, घरच्यांना अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. तिथं सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट दाखवले, एक खरी केस नाही दाखवली. त्यापेक्षा सहा महिने मेडिकलवर उभे राहा. टेलिग्रामवरच्या "टॉप प्रश्न" पीडीएफ तर उघडूच नका, माझं फ्लोमॅक्स तिथलंच.

इंग्लिशची भीती मात्र खरंच सोडा. मी मराठी मीडियमचा, पहिले दोन महिने मीटिंगमध्ये फक्त "येस मॅम". नॅरेटिव्हला चार प्रकारची वाक्यं लागतात, बसतात ती. आणि "गुळगी द्या" (म्हणजे गोळी) म्हणणाऱ्या कन्नड आजीला डोस समजावून सांगितलेला पोरगा परदेशातल्या डॉक्टरला फॉलोअप प्रश्न लिहू शकतो, मी लिहितो की.

मागच्या महिन्यात मामांचा व्हॉट्सअॅप आला. कुणाचा तरी मुलगा गल्फातनं आलेला, वडिलांसाठी गोळ्या घेऊन, बॉक्सचा फोटो, सगळं अरबीत, फक्त ब्रँड इंग्लिशमध्ये. "हे आपल्याकडं कशाला चालतंय बघ." ब्रँड ओळखीचा वाटला, उत्तर टाइप पण केलं होतं. खोडलं आणि लिहिलं, मामा स्ट्रिप उलटी करून फोटो पाठवा.