खाडीकाठचं भय टेबलावर कसं आणायचं

गॉथिक भयाचा वॉरगेम, म्हणजे टेबलावर छोटे पुतळे आणि फासे घेऊन मांडलेली लढाई, खेळायचं ठरलं की बरेचजण लगेच बर्फातला युरोपीय वाडा उभारायला घेतात. ठाण्यात राहणाऱ्याने आधी ओहोटीच्या वेळी कळव्याच्या पुलावरून खाली बघावं, असं मला मनापासून वाटतं. काळा चिखल, त्यात रुतलेली होडी, मागे तिवरांची भिंत. पडकं, कोंडलेलं आणि मेलेल्यांचं काहीतरी देणं राहिलेलं, एवढं मिळालं की गॉथिकला पुरतं.

सुरुवात भुतापासून करू नका, सालापासून करा. ‘पेशवाई’ हे फार मोघम झालं. मी मराठ्यांची पोर्तुगीजांविरुद्धची वसईची मोहीम धरते, १७३७ ते १७३९. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला तेव्हा तो अजून बांधून पुरा झालेला नव्हता. टेबलासाठी याहून चांगलं काय हवं? अर्धवट बुरूज, बांबूंची परांची, चुन्याचे ढीग, दडायला आणि पडायला भरपूर जागा. १७३८ साली पोर्तुगीजांनी ठाणं परत घ्यायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो मारला गेला. हाच किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे तो बाहेरूनच बघायचा. पडके कमानी-दरवाजे आणि दगडांचा पोत बघायला वसईला जा. वाचायला १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर घ्या, त्यातला स्थळांचा भाग आधी.

वाचताना मोठ्या लढाईवर थांबू नका. वस्तू शोधा. वसई पडल्यावर चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, एक भीमाशंकरला. इतिहास घंटा कुठे पोचली ते सांगतो, वाटेतल्या रात्रींबद्दल फारसं बोलत नाही. आपला डाव त्या रात्रींमध्ये बसवायचा. माझा नियम असा: घंटा चार जणांनी वाहायची, चाल निम्मी. दर फेरीला वाहणाऱ्यांनी एक फासा टाकायचा. एक पडला की घंटा वाजते, बारा इंचांतल्या प्रत्येकाची धैर्याची चाचणी (टिकतो की पळतो, ते फाशाने बघायचं) होते आणि तिवरांच्या कडेने काहीतरी आत येतं. तीन-चार फेऱ्यांनंतर खेळणारे फासा हातात घेऊन घुटमळायला लागतात, तिथे डाव जमला.

ते ‘काहीतरी’ कोकणातलंच असू द्या आणि एका डावात एकच. बुडालेल्यांचा गिऱ्हा खाडीला शोभतो. चकवा तर नियम म्हणूनच जन्मलाय: तिवरांत शिरलेल्याची दिशा फाशाने ठरवायची. वेताळाची पालखी मोठ्या डावासाठी राखून ठेवा. समोरच्याचा धर्म मात्र कधीही राक्षस करू नका. मासुंदा तलावाजवळच्या चर्चमध्ये आजही प्रार्थना होते, ती आपल्याच शेजाऱ्यांची आहे. भय लढाईने जे केलं त्यातून यावं.

भरतीचं गणित कोळीवाड्यात कुणालाही विचारा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला साधारण सहा. अमावास्येला पाणी मध्यरात्रीच्या सुमारास भरतं, तेही उधाणाचं. म्हणजे घड्याळ आयतंच मिळालं. डाव ओहोटीला सुरू करा आणि दर फेरीला खाडीच्या बाजूने पाणी दोन इंच आत घ्या. मी निळ्या-करड्या प्लास्टिकची पट्टी सरकवते. चिखलात अडकलेल्या माणसाला सोडून जायचं की नाही, हा प्रश्न मग नियमपुस्तकाला विचारावा लागत नाही.

तिवरांची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात. ऐरोलीच्या किनारी जैवविविधता केंद्रात ती जवळून दिसतात. २८ मिलिमीटरच्या मिनिएचरसाठी (खेळातल्या छोट्या पुतळ्यांसाठी) खराट्याच्या बारीक काड्या घ्या, आठ-दहा मिलिमीटरचे तुकडे करा, ओल्या पुट्टीत दाटीने टोचा आणि टोकं थोडी वाकडीच राहू द्या. सुकल्यावर गडद तपकिरी रंग, वरून करडा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने हलका रंग), आणि फक्त चिखलावर ग्लॉस वार्निश. मुळांना वार्निश लागलं तर ती प्लास्टिकची दिसतात. पावसाळ्यात स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा पहिला थर) मारू नका, दमट हवेत तो खरखरीत बसतो. ब्रशने लावायचा प्रायमर बरा.

पुढे दुसरं साल हवं असेल तर १३२१ बघा: ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले आणि नंतर ओदोरिक नावाचा प्रवासी त्यांच्या अस्थी घेऊन चीनपर्यंत गेला.

पहिला डाव मात्र छोटा मांडा. तीन बाय तीन फुटांचं टेबल, दोन्हीकडे सहा-सहा पुतळे, एक होडी, एक घंटा. ट्यूबलाइट बंद करून टेबलावर एकच पिवळा दिवा ठेवा, आणि पहिली फेरी ज्याच्याकडे घंटा आहे त्याला द्या.